बँडनंतरचा खेळ

ओडेल पेटवे टकर-विलिस कॉलेजात आला तेव्हा त्याच्या डोक्यात एकच चित्र होतं. काखेत लंबगोल चेंडू दाबून आपण सुसाट पळतोय, मागे दहा-बारा जण लागलेत आणि एकाच्याही हाती लागत नाही. साल एकोणीसशे सत्तावन्न. बाप लाकडाच्या वखारीत, आई गोऱ्यांच्या घरी इस्त्रीला. मिसिसिपीच्या त्या भागात काळ्या पोराला कॉलेजची पायरी चढायची तर एक तर बायबल पाठ असावं लागे, नाही तर फुटबॉल यावा लागे. ओडेलचं बायबल कच्चं होतं.

पहिल्याच सकाळी कोच थर्मन ग्रेव्ह्ज यांनी त्याला समोर उभं केलं आणि बाजारात खेचर विकत घ्यायला आल्यासारखी त्याच्याभोवती एक फेरी मारली.

"पळतोस म्हणे?"

"हो सर. शाळेत सगळ्यांत जोरात मीच."

"शाळेत तुझ्याबरोबर कोण पळत होतं, गाई?" बाकीची पोरं खो खो हसली. कोचनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "ही पाठ बघितलीस का कधी आरशात? दाराएवढी आहे. दार पळत नसतं बाबा, दार मधे उभं राहतं. जा, सेंटरला जा."

सेंटर म्हणजे रांगेच्या मधोमध वाकून उभा राहणारा गडी. चेंडू जमिनीवर त्याच्या हाताखाली असतो. खूण झाली की दोन पायांमधून तो मागच्या गड्याच्या हातात द्यायचा आणि पुढच्याच क्षणाला समोरून अंगावर येणारं धूड अडवायचं. पळणाऱ्याचं नाव पेपरात येतं, चेंडू फेकणाऱ्याचा फोटो येतो. सेंटरचं नाव येतं ते त्याच्या हातून चेंडू निसटला तर.

ओडेलने आठवडाभर तोंड पाडलं. आईला मात्र पत्रात लिहिलं, की संघात माझ्याशिवाय खेळ सुरूच होत नाही. ते खोटंही नव्हतं. ऑक्टोबरात आई चर्चची निळी टोपी घालून, मांडीवर तळलेल्या कोंबडीचा डबा घेऊन, दोन बस बदलून सामना बघायला आली. सामना संपल्यावर ती कुंपणापाशी उभी होती.

"कसा होता माझा खेळ, आई?"

"कसा म्हणजे? मी तीन तास तुझं बूड बघत बसले होते रे. तोंड एकदाही दिसलं नाही. शेजारच्या बाईला सांगितलं, ते मधलं बूड माझ्या मुलाचं आहे."

ही गोष्ट संघात पसरायला एक दिवस पुरला. पुढची चार वर्षं त्याला कोणी ओडेल म्हटलं नाही. काय म्हणत ते चर्चमध्ये सांगण्यासारखं नव्हतं.

पण वाकून उभं राहता राहता त्याला एक गोष्ट दिसायला लागली, जी उभ्या माणसांना दिसत नव्हती. समोरचा गडी जमिनीला बोटं टेकून बसलेला असायचा. त्या बोटांची नखं फिकी पडलेली दिसली, तर भार पुढे आहे, हा आता मुसंडी मारणार. नखं गुलाबी असली, तर भार मागे, हा बाजूला सरकणार. ओडेलने हे पहिल्यांदा कोच ग्रेव्ह्जना सांगितलं तेव्हा त्यांनी स्वतः वाकून समोरच्या गड्याची बोटं बघितली. नंतर म्हणाले, "बायबल कच्चं आहे तुझं, पण हे वाचता येतं. हे सोडू नकोस."

शेवटच्या वर्षी शिकागोहून व्यावसायिक संघाचं पत्र आलं. उन्हाळ्यात येऊन खेळून दाखवा. पत्र आल्यापासून तिसऱ्या सामन्यात त्याच्या डाव्या गुडघ्यावर दोघे बाजूने पडले. असा आवाज झाला की बाकावर बसलेल्या पोरांनी मान फिरवली. शिकागोला जाणं झालं नाही. ओडेल जीवशास्त्राची पदवी घेऊन ग्रेंजर गावच्या शाळेत लागला, ग्रंथपाल असलेल्या लुरीनशी त्याने लग्न केलं, आणि सव्वीस वर्षं सकाळी बेडकाचं हृदय आणि दुपारी वाकून कसं उभं राहायचं, हे दोन विषय शिकवले. त्याला वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण ते तो कोणाला दाखवत नव्हता. पावसाळी हवेत गुडघा दुखायला लागला की मात्र लुरीन त्याच्या वाटेला जात नसे.

दरम्यान त्याच्या कॉलेजच्या संघाची पार दशा झाली. मोठ्या गोऱ्या विद्यापीठांनी काळ्या पोरांना दारं उघडली आणि चांगले खेळाडू तिकडे गेले. जायलाच हवे होते. पण मागे राहिलेल्या टकर-विलिससारख्या छोट्या कॉलेजांकडे वसतिगृहाच्या जिन्यावर जो भेटेल त्याला हेल्मेट चढवायची वेळ आली. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीपर्यंत टकर-विलिस ओळीने चौतीस सामने हरलं होतं.

तरी शनिवारी मैदान भरायचं. त्याचं कारण फुटबॉल नव्हतं, बँड होता. प्राध्यापक लिअँडर कूलींचा एकशे वीस जणांचा बँड मध्यंतराला मैदानात उतरायचा आणि पितळ, ढोल आणि पावलं यांनी असा काही धुरळा उडवायचा की म्हातारी माणसंसुद्धा बाकावर उभी राहायची. तो संपला की मंडळी उठायची, घडीच्या खुर्च्या मिटायची, आणि गाड्या सुरू करून घरी जायची. उरलेला अर्धा सामना कोणी बघत नसे.

त्या वर्षी कॉलेजच्या अध्यक्षा डॉक्टर व्हायोला स्टॅम्प्स यांनी ओडेलला बोलावून घेतलं. बाई सडपातळ, बोलणं त्याहून मोजकं.

"मिस्टर पेटवे, माझ्याकडे दोन वर्षं आहेत. विश्वस्त म्हणतात हा तमाशा बंद करा आणि मैदानावर प्रयोगशाळा बांधा. खरं सांगू? मलाही प्रयोगशाळा हवी आहे. पण मी त्यांना म्हटलं, एक माणूस बघू."

"मॅडम, मी जीवशास्त्राचा मास्तर. मलाही प्रयोगशाळाच हवी."

"मग?"

ओडेल खिडकीतून मैदानाकडे बघत राहिला. कुठल्याशा कडेला गवत वीतभर वाढलं होतं. "मग काय. येतो मी," तो म्हणाला.

घरी लुरीनने ऐकलं आणि हातातलं पुस्तक मिटलं. "पन्नाशीला आलास. लोक या वयात मासे पकडायला जातात."

"मला मासे लागत नाहीत गं गळाला."

"आणि विजय लागणार आहेत होय?"

पहिल्या वर्षी दहा सामने झाले आणि दहाही हरले. शेवटचा एकसष्ट-शून्य. ज्युनियर मॅबरीच्या केशकर्तनालयात ओडेल शिरला की गप्पा थांबायच्या, आणि मग सुरू व्हायच्या.

"या कोच, या. बसा. मान दुखत असेल, गुणफलकाकडे बघून बघून."

"मॅबरी, तू केस काप."

"कापतो ना. तुम्ही म्हणाल तेवढे. समोरचे गुण तर तुम्हाला कापता येत नाहीत, निदान आम्ही केस तरी..."

खुर्चीत बसलेला ओडेलही हसायचा. हसण्याशिवाय करणार काय? पण एकसष्ट-शून्यच्या त्या दिवशी मध्यंतरानंतर त्याने वळून मागे बघितलं होतं. बाकांवर अकरा माणसं होती. एक लुरीन. दोघं खेळाडूंचे आईबाप. चौघं अशी, की ज्यांच्या गाड्या बँडच्या बसमागे अडकल्या होत्या. बाकीचे चौघं झोपले होते. हरल्याचं त्याला तेवढं लागलं नाही, जेवढं ते अकरा जण बघून लागलं. ज्या पोरांना कोणी बघतच नाही, ती कोणासाठी पडतील आणि उठतील?

जानेवारीत त्याने संघाला जीवशास्त्राच्या वर्गात बसवलं.

"यंदा जिंकण्याचं नाव काढायचं नाही," तो म्हणाला.

मागून कोणीतरी पुटपुटलं, "ते तर गेल्या वर्षीही नव्हतं काढलं, कोच."

"ऐकून घे. यंदाचं काम वेगळं आहे. बँड झाल्यावर लोक उठून जातात. त्यांना बसवायचं. एवढंच. मध्यंतरानंतरचा पहिला तासभर असा खेळायचा, की गाडीच्या किल्ल्या काढलेल्या माणसाने त्या परत खिशात टाकाव्यात."

त्यासाठी रांग हवी होती, आणि रांगेला मधला माणूस. ओडेलने वसतिगृह पालथं घातलं, जेवणघराच्या दारात उभा राहून ताटं नेणाऱ्यांच्या पाठी बघितल्या. आणि एके दिवशी दुपारी बँडच्या सरावाला त्याला तो दिसला. लॅव्हॉन थिगपेन. वजन तीनशे पौंडांना जरा कमी, आणि अंगाभोवती ट्यूबा नावाचा भलाथोरला कर्णा गुंडाळलेला. एरवी ज्याच्या ओझ्याने पोरं वाकतात ते पितळी धूड त्याच्या खांद्यावर शाल टाकल्यासारखं दिसत होतं. गुडघे छातीपर्यंत उचलत तो मागे मागे चालत होता आणि पावलाचा ठोका चुकत नव्हता.

ओडेलने त्याला गाठलं.

"फुटबॉल खेळलास का कधी?"

"नाही सर. मला माणसं आपटायला आवडत नाहीत."

"आपटायला कोण सांगतंय? मधे उभं राहायचं. येणाऱ्याला म्हणायचं, माफ करा, इथून रस्ता नाही."

लॅव्हॉनने विचार केला. "तेवढंच असेल तर जमेल. पण प्रोफेसर कूली मला जिवंत सोडणार नाहीत."

कूली सोडायला तयार नव्हतेच. "माझ्या ट्यूबाच्या रांगेतला सगळ्यांत दमाचा मुलगा! पेटवे, तुला काही लाज? तुझ्या त्या चिखलात त्याचे दात पडले तर फुंकणार कशाने तो?"

"लिअँडर, दातांना रबर लावतात."

"आणि मध्यंतर? मध्यंतराला तो माझा. तुझी हार-जीत मला माहीत नाही, मध्यंतराला तो माझ्या रांगेत हवा."

"घेऊन जा. मध्यंतराला मी भाषण करतो. ते ऐकून आजवर कोण जिंकलंय?"

असा करार झाला. उन्हाळाभर रोज सकाळी सहाला ओडेल आणि लॅव्हॉन दोघंच मैदानावर. ओडेल दुखरा गुडघा दुमडून समोर बसायचा, बोटं जमिनीला टेकवायचा.

"नखं बघ माझी. काय दिसतं?"

"मळ, कोच."

"मळाच्या खाली, गाढवा!"

"फिकी... फिकी पडलीत."

"मग मी काय करणार?"

"अंगावर येणार."

"मग तू काय करणार?"

"माफ करा म्हणणार."

दोन महिन्यांत तो ओडेलपेक्षा जलद वाचायला लागला. तालावर पाय टाकायची सवय असल्याने त्याचे पाय कधी एकमेकांत अडकत नसत, आणि चेंडू मागे जायचा तो बरोबर तालावर, प्रत्येक वेळी तसाच.

सप्टेंबरातला पहिला सामना. मध्यंतराला एकवीस-शून्य असे मागे होते. बँड मैदानात उतरला. पांढऱ्याशुभ्र पोशाखांच्या रांगा, आणि ट्यूबांच्या रांगेत मधोमध चिखलाने माखलेला, खांद्यांवर चिलखत, सत्तावन्न नंबरचा सदरा घातलेला लॅव्हॉन, गुडघे छातीपर्यंत उचलत, गालांचे फुगे करून. आधी कोणाला कळलंच नाही. मग हशा पिकला. मग अख्खं मैदान उभं राहिलं. बायका टोप्या हलवायला लागल्या. बँड संपला, लॅव्हॉनने ट्यूबा एका मुलीच्या हवाली केला, हेल्मेट चढवलं आणि धापा टाकत आपल्या जागी जाऊन वाकला.

आणि लोक बसले. सगळे नाही, पण निम्मे तरी. "अरे थांबा, हा ट्यूबावाला काय करतो बघू या," असं म्हणत बसले. त्या दिवशी संघ अठ्ठावीस-सहा असा हरला. पण ते सहा गुण मध्यंतरानंतरचे होते आणि ते बघायला माणसं होती. ओडेलने बाकं मोजायचा प्रयत्न केला आणि चारशेच्या पुढे हिशेब सुटला, तेव्हा त्याने तो आनंदाने सोडून दिला.

मॅबरीच्या दुकानात सूर बदलला. "कोच, तो पोरगा खेळतो बरा का वाजवतो बरा, यावर इथे मारामारी व्हायची वेळ आलीय."

"तू कोणाच्या बाजूने?"

"मी म्हणतो, खाताना बघा त्याला. त्यात तो सगळ्यांत बरा."

तरी हरणं थांबलं नव्हतं. सतरा-दहा, चौदा-तेरा, वीस-एकोणीस. ही हार एकसष्ट-शून्यहून जड होती, कारण आता पोरं रडायला लागली होती. सातव्या सामन्यानंतर लॅव्हॉन बसच्या पायरीवर बसून राहिला.

"कोच, आधी मला काहीच वाटायचं नाही. आता वाटतं. तुम्ही हे काय करून ठेवलंत?"

ओडेल त्याच्या शेजारी पायरीवर टेकला. त्याने खिशातल्या उकडलेल्या शेंगा काढल्या, दोघांनी मिळून संपवल्या, आणि बस सुटली.

नवव्या सामन्याला, नोव्हेंबरात, ब्लफ सिटी कॉलेजचा संघ आला. तोपर्यंत ओळीने बावन्न पराभव झाले होते. डॉक्टर स्टॅम्प्स पहिल्या रांगेत, शेजारी दोन विश्वस्त, कोटाची बटणं लावून. मध्यंतराला सात-सात. लॅव्हॉनने ट्यूबा वाजवला, परत आला. शेवटच्या भागात टकर-विलिसने लाथेने चेंडू खांबांमधून घालून तीन गुण मिळवले. दहा-सात.

मग चेंडू पुन्हा टकर-विलिसच्या हातात आला. घड्याळात सहा मिनिटं चाळीस सेकंद उरली होती, आणि ते आपल्याच टोकापाशी दाबले गेले होते. चेंडू फेकणारा मुलगा, सेड्रिक, पळत ओडेलकडे आला. "कोच, लांब फेकू? एका दणक्यात संपवतो."

"काही फेकायचं नाही. मधून जायचं."

"मधून? परत?"

"मधून. मग परत मधून. त्यांना चेंडूच मिळता कामा नये. घड्याळ आपलं काम करेल."

ते मधून गेले. तीन यार्ड. चार यार्ड. तीन यार्ड. चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकलं की चेंडू आपल्याकडेच राहतो, आणि ते कसेबसे दहा दहा यार्ड ओरबाडत होते. बघण्यासारखं त्यात काही नव्हतं. माणसांचा ढीग पडायचा, शिट्टी व्हायची, ढीग उठायचा, पुन्हा पडायचा. आणि तरी बाकांवरून हळूहळू आवाज चढायला लागला. प्रत्येक ढिगाला लोक ओरडत होते, "सरकलं! सरकलं!"

एक मिनिट दहा सेकंद. चौथा प्रयत्न, आणि अजून एक यार्ड कमी. शहाणा माणूस इथे चेंडू लाथेने दूर पाठवतो. ओडेलच्या मदतनिसाने तसं म्हटलंही. ओडेलने लॅव्हॉनकडे बघितलं. लॅव्हॉनने त्याच्याकडे नाही बघितलं. तो आधीच वाकून समोरच्याच्या बोटांकडे बघत होता.

"मधून," ओडेल म्हणाला.

ब्लफ सिटीचा मधला गडी पिंपासारखा होता. लॅव्हॉनने नंतर सांगितलं, की त्याची नखं इतकी फिकी पडली होती की जणू बर्फात हात घालून बसला होता. तो उसळून येणार हे कळल्यावर लॅव्हॉन चेंडू देतानाच खाली गेला, अगदी खाली, त्याच्या छातीखाली खांदा घातला, आणि तो आपल्याच जोराने लॅव्हॉनच्या पाठीवरून मागे घरंगळला. तिथे दाराएवढी जागा झाली. सेड्रिक तीत शिरला आणि त्याच्यावर सगळे पडले.

पंचांनी मोजायची साखळी आणवली. साखळी ताणली गेली. चेंडू एका वितीने पुढे होता.

नंतरचा मिनिटभर काय झालं ते ओडेलला नीट आठवत नाही. घड्याळ शून्यावर आलं. मॅबरीने आयुष्यात पहिल्यांदा कुंपणावरून उडी मारली आणि पँट फाडून घेतली. प्रोफेसर कूलींनी हात उचलायच्या आतच बँड वाजायला लागला होता, जो तो वेगळं गाणं वाजवत होता, आणि कूली त्यांना थांबवायचं सोडून टोपीत तोंड लपवून रडत होते. लुरीन मैदानात आली, नवऱ्यासमोर उभी राहिली.

"लागला की रे गळाला," ती म्हणाली.

ओडेलने तिचा हात धरला आणि तसाच धरून ठेवला. तिच्या खांद्यावरून त्याला बाकं दिसत होती. एकही माणूस घरी गेला नव्हता.

सोमवारी डॉक्टर स्टॅम्प्सनी बोलावलं. "विश्वस्तांचं म्हणणं आहे, प्रयोगशाळा जुन्या धोबीघराच्या जागेवर बांधावी."

"ती जागा लहान पडेल, मॅडम. दोन मजले करा."

"हे मी तुमचं म्हणून सांगू त्यांना?"

"जीवशास्त्राचा मास्तर म्हणाला म्हणून सांगा."

ओडेल त्यानंतर चौदा वर्षं टकर-विलिसचा कोच होता. कोणत्याही वर्षी सहाहून जास्त सामने जिंकला नाही. एकूण मोजले तर हरलेले जिंकलेल्यांच्या दुपटीहून जास्त निघतील, आणि त्याला विचारलं तर तो हा आकडा न अडखळता सांगतो. लॅव्हॉनने पदवी घेतली आणि किनाऱ्याकडच्या एका शाळेत संगीत शिकवायला लागला. दुपारी तो तिथल्या मुलांना वाकून कसं उभं राहायचं ते शिकवतो. त्याच्या शाळेत बँड आणि फुटबॉल यांच्यात भांडण नाही, कारण दोन्हीकडचा मास्तर तोच आहे.

निवृत्तीच्या दिवशी चर्चच्या सभागृहात जेवण झालं. तळलेला मांगूर, मक्याचा पाव, पालेभाज्या, आणि भाषणं. आधीच ठरवल्याप्रमाणे ओडेलने भाषण केलं नाही. तो इतकंच म्हणाला, की जेवण गार होतंय. दोन महिन्यांनी, ऑगस्टात, ग्रेंजरच्या शाळेतून फोन आला. सहावीच्या मुलांना विज्ञान शिकवायला कोणी नाही, आठवड्यातून एक दिवस आलात तरी चालेल.

"एक दिवसाने काय होतं?" ओडेल म्हणाला. "रोज येतो. किती वाजता?"